गुळाच्या कार्बन डॉट्सनी हळदीतलं करक्युमिन मोजतेय: उजेड निम्मा होतो, पण हे मोजमाप धरावं का?

चिकोडीची_केमिस्ट्री

नमस्कार सगळ्यांना. मी एमएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव चिकोडी तालुक्यात, घरी ऊस आणि थोडी हळद. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढं सगळं इंग्रजीत, कॉलेजात मैत्रिणींशी बोलणं कन्नडमध्ये. हा विषय मला आपल्या भाषेत एकदा नीट समजून घ्यायचाय, म्हणून इथं विचारते.

आमच्या भागातल्या गुऱ्हाळातला गूळ पाण्यात विरघळवला आणि टेफ्लॉनचं भांडं असलेल्या ऑटोक्लेव्हमध्ये १८० अंशांवर ठेवला. तपकिरी पाणी मिळालं. त्यातच कार्बन डॉट्स, म्हणजे काही नॅनोमीटर आकाराचे उजळणारे कार्बनचे कण. ते सेंट्रिफ्यूज करून बारीक फिल्टरमधून गाळलं. यूव्ही दिव्याखाली धरलं की निळं उजळतं. ३६० नॅनोमीटरचा प्रकाश दिला की ४४० ला शिखर येतं.

त्यात इथेनॉलमध्ये विरघळवलेलं करक्युमिन (हळदीतला पिवळा घटक) थोडं थोडं वाढवत गेले. १० मायक्रोमोलरला निळा उजेड जवळजवळ निम्मा झाला आणि स्टर्न-व्होल्मरचा आलेख (मूळ उजेड भागिले उरलेला उजेड, करक्युमिनच्या प्रमाणासमोर) सरळ रेषेत आला. गाईड सर खूश आहेत. आता बाजारातल्या हळद पावडरीत मोज म्हणतात, आणि पेपर पाठवायचा तर पेशींचा एखादा फोटो पाहिजेच म्हणतात. पेशी वाढवायची सोय आमच्याकडं नाही. म्हणून कांद्याचा पापुद्रा डॉट्सच्या द्रावणात बुडवला आणि फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपखाली बघितला. पेशींच्या भिंती एकदम सुरेख निळ्या दिसल्या.

सगळं फारच सोपं जमल्यासारखं वाटतंय, म्हणून विचारते. उजेड कमी झाला याचा अर्थ करक्युमिन डॉट्सला जाऊन चिकटलं असा धरायचा का? आणि कांद्याचा फोटो चालेल का? परीक्षक काय विचारतील याची आतापासूनच काळजी लागलीय.

कागलचा_विश्लेषक

ताई, काम चांगलं चाललंय. मी फक्त एकच विचारतो: द्रावणाचा पीएच किती ठेवलाय? करक्युमिन पाण्यात मुळात विरघळत नाही, आणि उदासीन किंवा अल्कलीकडं झुकलेल्या पाण्यात टिकतही नाही. ७.२ पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये ३७ अंशांवर अर्ध्या तासात साधारण ९० टक्के करक्युमिन मोडून जातं. ही गोष्ट १९९७ पासून छापील आहे, तरी लोक बफरात घालून चहा प्यायला जातात आणि परत येऊन रीडिंग घेतात. हळदीला चुना लावून कुंकू करतात तो लाल रंगही अल्कलीचाच खेळ. पीएच ५ ते ६ ठेवा, करक्युमिन घातल्यापासून रीडिंगपर्यंतची वेळ प्रत्येक नमुन्याला सारखी ठेवा, आणि करक्युमिनच्या मूळ बाटलीला फॉइल गुंडाळा. उजेडानंही ते खराब होतं.

आणि प्रत्येक नळीत इथेनॉलचं प्रमाण सारखं पाहिजे. नाहीतर तुम्ही इथेनॉलचाच परिणाम मोजत बसाल.

घाटमाथा

मी खानापूरचा. बरीच वर्षं फ्लुओरिमीटरवर, म्हणजे असा उजेड मोजायच्या यंत्रावर, काम केलंय, त्यामुळं जरा लांब लिहितो. राग मानू नका.

तुमचा पहिला संशय बरोबर आहे. उजेड निम्मा झाला एवढ्यावरून करक्युमिन डॉटला चिकटलं असं म्हणता येत नाही. करक्युमिन ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश सपाटून शोषतं, म्हणून तर ते पिवळं दिसतं. तुमच्या डॉट्सचा उजेड पडतो ४४० ला. म्हणजे डॉटनं सोडलेला प्रकाश क्युव्हेटच्या (मोजमापाच्या चौकोनी नळीच्या) बाहेर पडायच्या आतच भोवतीचं पिवळं द्रावण तो गिळतंय. वर ३६० चा जो प्रकाश तुम्ही आत सोडता, त्यातलाही थोडा करक्युमिन खातं. याला इनर फिल्टर इफेक्ट म्हणतात. डॉट आणि करक्युमिन यांची एकमेकांशी गाठ न पडताही तो होतो.

हिशोब करून बघूया. इथेनॉलमध्ये करक्युमिनचा मोलर शोषणांक (ते प्रकाश किती जोरात शोषतं त्याचा आकडा) ४२५ ला ५५ ते ६० हजारांच्या घरात असतो. १० मायक्रोमोलर म्हणजे १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये शोषण ०.५५ च्या पुढं. ४४० ला ते ०.५ धरा, ३६० ला ०.१५ धरा. दुरुस्तीचं नेहमीचं सूत्र असं की दोन्ही शोषणांची बेरीज करायची, निम्मी करायची, आणि १० चा तेवढा घात घ्यायचा. बेरीज ०.६५, निम्मी ०.३२५, १० चा घात साधारण २.१. म्हणजे काहीही चिकटलं नाही तरी उजेड निम्म्यावर येणारच! तुमचा निकाल नेमका तेवढाच आहे. माझे आकडे ढोबळ आहेत. तुम्ही तुमच्याच नळ्यांचं शोषण दोन्ही ठिकाणी मोजा आणि प्रत्येक बिंदू दुरुस्त करा. दुरुस्तीनंतर रेषा आडवी झाली तर उत्तर मिळालं.

दुसरी तपासणी कागद-पेन्सिलीची. १० मायक्रोमोलरला उजेड निम्मा म्हणजे स्टर्न-व्होल्मरचा स्थिरांक १ लाख प्रति मोलर. कार्बन डॉट्सचं आयुष्य, म्हणजे उत्तेजित अवस्थेत राहण्याचा काळ, ५ नॅनोसेकंद धरलं आणि स्थिरांकाला त्यानं भागलं तर टकरीचा वेग येतो २ गुणिले १० चा १३ वा घात, प्रति मोलर प्रति सेकंद. पाण्यात दोन रेणू एकमेकांवर आदळायची कमाल मर्यादाच १० च्या १० व्या घाताच्या आसपास आहे. म्हणजे हे नुसत्या टकरीनं होत नाही हे नक्की. मग उरतं काय? एकतर खरोखर जोडी जमलीय, किंवा ऊर्जा जवळून करक्युमिनकडं जातेय, किंवा वर सांगितलेला फिल्टर. जवळून ऊर्जा जात असेल, म्हणजे १ ते १० नॅनोमीटरच्या अंतरातून, तर डॉटचं आयुष्य कमी झालेलं दिसतं. फिल्टर असेल तर आयुष्य जसंच्या तसं राहतं. आयुष्य मोजायचं यंत्र कॉलेजात नसतं. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात आणि धारवाडला कर्नाटक विद्यापीठात उपकरणांची मध्यवर्ती सोय आहे, बाहेरच्या कॉलेजांचे नमुनेही घेतात. तुम्हाला कोल्हापूर जवळ. आधी फोन करून हे मोजमाप करतात का ते विचारा, मगच नमुना घेऊन जा.

तोपर्यंत घरगुती तपासणी: डॉट्सची नळी यूव्ही दिव्याखाली ठेवा आणि करक्युमिनची वेगळी क्युव्हेट डोळा आणि नळी यांच्यामध्ये धरून आरपार बघा. यूव्हीचा चष्मा घालूनच. निळं मंद दिसलं तर पटेल, कारण इथं दोन द्रावणं मिसळलेलीच नाहीत.

म्हणून काम वाया गेलं असं अजिबात समजू नका. फिल्टर इफेक्टवरही मोजमाप करता येतं, बरेच जण तसं उघड सांगून करतात. फक्त पेपरात "बंध तयार झाला" असं लिहायचं नाही. आणि मग निवडकपणाची जबाबदारी वाढते, कारण ४४० चा प्रकाश गिळणारा कुठलाही पिवळा पदार्थ तुम्हाला करक्युमिनच वाटणार.

आता गूळ. मला गुळाबद्दल खरी काळजी वाटते. तो कढतो लोखंडी काहिलीत, त्यामुळं त्यात लोह असतं, आणि फेरिक लोह हा कार्बन डॉट्सचा उजेड विझवण्यात एक नंबर आहे. करक्युमिनही लोहाला धरतं. शिवाय रंग उजळायला गुऱ्हाळात हायड्रोस घालतात, मळी काढायला चुना आणि भेंडीचं पाणी. प्रत्येक आधणाचा गूळ वेगळा. परीक्षक विचारणार, पुढच्या हंगामाच्या गुळातून हाच उजेड येईल का? सायट्रिक आम्ल आणि इथिलीनडायअमाइन घेऊन शेजारी एक तुलनेचा नमुना करा. त्याचा उजेड गुळाच्या कितीतरी पट जास्त येईल.

त्यातही एक खोच आहे. त्या जोडीतून ऑटोक्लेव्हमध्ये आयपीसीए नावाचा एक छोटा रेणू तयार होतो आणि निळ्या उजेडाचा मोठा भाग त्याचाच असतो, हे आता चांगलं माहीत झालंय. म्हणून नुसतं सेंट्रिफ्यूज आणि फिल्टर पुरेसं नाही. डायलिसिसच्या पिशवीत (लहान रेणू बाहेर सोडते, मोठे कण आत ठेवते) घाला, १ किलोडाल्टनची घ्या, आणि बाहेरचं पाणी फेकू नका. तेच यूव्हीखाली धरा. बाहेरचं पाणी पिशवीइतकंच निळं दिसलं तर तो उजेड डॉटचा नाही, छोट्या रेणूंचा आहे. गुळातली साखर तापून हायड्रॉक्सीमिथाइलफरफ्युरल होतं, तेही याच पाण्यात निघून जाईल.

रायबागचा_हळदवाला

ताई, मी शेतकरी माणूस, केमिस्ट्री बारावीपर्यंतच. आमची हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून सांगलीला सौद्याला जाती. व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो, वजन बघतो आणि दर लावतो. करक्युमिन किती आहे हे कोण विचारत नाही, आणि आम्हालाही सांगता येत नाही. म्हणून तुमचा धागा वाचून बरं वाटलं. दोन गोष्टी विचारतो. हे डॉट म्हणजे नेमकं काय वो? आणि पावडरीत भेसळीचा पिवळा रंग, म्हणजे मेटानिल यलो नाहीतर लेड क्रोमेट घातलेलं यानं कळंल का? भेसळीची पावडर बाजारात आली की चोख मालाला दर मिळत नाही, म्हणून विचारतो.

घाटमाथा

दादा, थोडक्यात सांगतो. २ ते १० नॅनोमीटर आकाराचे अर्धवाहकाचे कण म्हणजे क्वांटम डॉट. पदार्थ तोच, पण कण लहान असला की निळा उजेड देतो आणि मोठा असला की लाल. कॅडमियम सेलेनाइडचे असे डॉट सगळ्यात प्रसिद्ध. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला येकिमोव्ह यांना काचेत आणि ब्रूस यांना द्रवात ही गोष्ट दिसली, १९९३ मध्ये बावेंडी यांनी एकसारख्या आकाराचे कण करायची रीत काढली, आणि तिघांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ताईंचे कार्बन डॉट वेगळ्या जातीचे. ते २००४ मध्ये कार्बन नळ्या शुद्ध करताना अचानक सापडले. त्यांचा रंग नुसत्या आकारावर नसतो, पृष्ठभागावर काय चिकटलंय त्यावरही असतो. त्यात कॅडमियम नाही आणि खर्च कमी, म्हणून कॉलेजांत सगळे त्याच्या मागं आहेत.

भेसळीचं: लेड क्रोमेट अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. पावडर अल्कोहोलमध्ये ढवळून ठेवली की ते तळाशी बसतं, म्हणजे वरच्या निवळीत डॉट घालून ते सापडणारच नाही. शिशाची तपासणी वेगळीच करावी लागते, ती अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेतच करून घ्या. मेटानिल यलो मात्र विरघळतो आणि निळा प्रकाश तोही गिळतो. म्हणून नुसता निळा उजेड किती उतरला एवढंच बघितलं तर भेसळीची पावडर उलट "भरपूर करक्युमिन" म्हणून पास होईल! शेतकऱ्याच्या दृष्टीनं याच्याइतकं वाईट काही नाही.

ताई, म्हणून सुचवतो: नुसता निळा बघू नका. करक्युमिन अल्कोहोलमध्ये स्वतः ५४० च्या आसपास हिरवट उजेड देतं, मेटानिल यलो तसा देत नाही. अल्कोहोल जास्त असलेल्या द्रावणात ४४० आणि ५४० दोन्ही मोजा आणि गुणोत्तर घ्या. निळा उतरला पण हिरवा चढलाच नाही, तर पिवळं दुसरंच काहीतरी आहे. प्रोजेक्टमध्ये हा भाग आला तर मला सगळ्यात जास्त आनंद होईल.

आणि एक स्पष्ट बोलतो. चांगल्या पावडरीत करक्युमिन शेकड्याला ३ च्या आसपास असतं. १ ग्रॅम पावडर १०० मिलिलिटर अल्कोहोलमध्ये पूर्ण उतरली तर ०.८ मिलिमोलर होतं. तुमच्या पद्धतीत बसवायला ते शंभरपट पातळ करावं लागणार. एवढ्या ढीगभर मालासाठी डॉट लागत नाहीत. ४२५ ला साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर शोषण बघितलं की एकूण करक्युमिनॉइड (करक्युमिन आणि त्याचे भाऊबंद) कळतात, मसाल्याच्या व्यापारात हीच रीत चालते. डॉट्सचा खरा उपयोग जिथं पदार्थ अगदी थोडा असतो तिथं, म्हणजे रक्तद्रवात किंवा पेशीत. पावडरीचं मोजमाप जरूर करा, पण ते ४२५ च्या शोषणाशी ताडून बघण्यासाठी.

पेशीघर

घाटमाथा सरांनी रसायनाचं सगळं सांगितलंय, मी फक्त पेशींचं बोलते. मी बेळगावात पेशीसंवर्धनाच्या लॅबमध्ये आहे.

कांद्याच्या पेशीभित्तिकेत फेरुलिक आम्ल असतं आणि ते यूव्हीखाली स्वतःच निळं दिसतं. तुझ्या फोटोतल्या निळ्या भिंती डॉट्सशिवायही तशाच दिसतील. साध्या पाण्यातला पापुद्रा त्याच एक्स्पोजरला, त्याच गेनला बघ. मग त्यावर थोडी अमोनियाची वाफ दे. निळा उजेड हिरवट आणि जास्त तेज होईल. तसं झालं की तो फेरुलिक आम्लाचा हे पक्कं.

प्राण्यांच्या पेशीतही हाच त्रास. पेशीतलाच एनएडीएच नावाचा रेणू ३४० च्या प्रकाशाला ४६० ला उजेड देतो, फ्लेविन ५३० ला देतं, माध्यमातलं रायबोफ्लेविन आणि फिनॉल रेड आणखी भर घालतात. ४४० चा निळा डॉट म्हणजे बरोबर या गर्दीत. वर यूव्हीनं पेशी मरतात. म्हणून डॉट टाकलेल्या पेशींच्या शेजारी न टाकलेल्या पेशींचा फोटो त्याच सेटिंगवर छापलेला नसेल, तर मी तो पेपर बाजूला ठेवते.

सोय नसेल तर बेकरीचं यीस्ट घे. स्वस्त आहे, सहज मरत नाही, आणि मायक्रोस्कोपवर ओळखू येतं. पण अट एक: मेथिलीन ब्लूनं (मेलेल्या पेशी निळ्या करणारा रंग) मेलेल्या पेशी वेगळ्या करून बघ. मेलेल्या यीस्टमध्ये डॉट सहज घुसतात. अर्धं यीस्ट मेलेलं असेल तर सगळे ठिपके त्यातच चमकतील आणि "जिवंत पेशींत शिरले" असं लिहिलं जाईल. दुसरी एक वाटी बर्फावर ४ अंशांना ठेव. पेशी डॉट गिळत असतील तर थंडीत ते थांबायला पाहिजे. थंडीतही तितकेच आत दिसले तर ते नुसते भित्तिकेला चिकटलेत, किंवा पेशीचं आवरण फाटलंय.

खऱ्या कर्करोग-पेशी लागल्या तर पुण्याच्या एनसीसीएसमध्ये पेशींचं राष्ट्रीय भांडार आहे, संस्थेच्या लेटरहेडवर मागणी करायची. त्या आल्या की सांभाळायला इन्क्युबेटर आणि रोजचं माणूस लागतं, ते आधी बघ. एमटीटी (पेशी किती जिवंत आहेत ते जांभळ्या रंगावरून मोजायची चाचणी) करणार असशील तर करक्युमिन स्वतःच एमटीटीला जांभळं करतं, म्हणून पेशी धुतल्याशिवाय एमटीटी घालू नको आणि पेशी नसलेला एक कंट्रोल ठेव.

कॅडमियमचे तयार लाल डॉट विकत घ्यायचा मोह होईल, फोटो फार सुरेख येतात. १९९८ मध्ये पेशींचे पहिले फोटो त्यांनीच काढले होते. पण २००४ मध्ये यकृताच्या पेशींवर दाखवलंय की कवच नीट नसेल आणि हवा-यूव्ही लागले तर कॅडमियम सुटून पेशी मारतं. कॉलेजच्या बेसिनमध्ये ओतायला तर अजिबात नको.

चिकोडीची_केमिस्ट्री

सगळ्यांचे मनापासून आभार. शोषण मोजून दुरुस्ती केली. रेषा पूर्ण आडवी नाही झाली, पण फारच थोडा चढ उरला. म्हणजे बहुतेक सगळं फिल्टरच. पाण्यातला कांदा बघितला, मॅडम म्हणतात तसाच निळा आहे. कांद्याचा फोटो काढून टाकतेय. यीस्ट आणि सायट्रिक आम्लाचा नमुना पुढच्या आठवड्यात. हळदवाले दादा, तुमच्याकडची ओळखीची पावडर मिळाली तर मेटानिल यलोची तुलना तिच्यावरच करीन.

गाईड सरांनी क्वांटम यील्ड (शोषलेल्या प्रकाशातला किती उजेड म्हणून परत येतो ते प्रमाण) पण मागितलंय. तुलनेला क्विनाइन घेऊ का?

रायबागचा_हळदवाला

ताई, घरच्याच हळकुंडाची दळून देतो. सेलम आणि राजापुरी दोन्ही वाण देतो, वेगवेगळ्या पुड्या. कुठल्या शेतातली ते वर लिहून देतो.

घाटमाथा

छान. थोडा चढ उरलाय तो टाकून देऊ नका. एका तपमानाऐवजी दोन-तीन तपमानांना घ्या, चढ तपमानाबरोबर घटला तर थोडी जोडी जमतेय असा त्याचा अर्थ.

क्विनाइन सल्फेट चालतं. ०.१ मोलर सल्फ्युरिक आम्लात घ्या, तिथं यील्ड ०.५४ धरतात. हायड्रोक्लोरिकमध्ये घेऊ नका, क्लोराइडनं क्विनाइनचा उजेड विझतो आणि तुमचे डॉट उगाच तेजस्वी ठरतील. दोन्ही द्रावणांचं शोषण ३६० ला ०.०५ च्या खाली ठेवा, स्लिट (यंत्रातली प्रकाशाची फट) दोन्हीला सारखी, आणि तिची रुंदी वहीत लिहून ठेवा.